‘शी’ म्हणायचं नाही!

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये काकांशी ज्याचं कधी भांडण झालं नाही असा माणूस सापडायचा नाही. आणि काका स्वतःच्या एखाद्या गोष्टीसाठी भांडल्याचं ज्याला आठवतं असाही सापडायचा नाही. ते कायम दुसऱ्याचं वकीलपत्र घ्यायचे, तेही न मागता. नागपूरहून शिकून आलेला हा माणूस आयुष्यभर सरकारी खात्यात पुलांची तपासणी करत होता. पुलाखाली उताणं पडून भेगा शोधण्यात पस्तीस वर्षं गेली, रिटायर झाल्यावर पूल संपले आणि माणसांच्या भेगा दिसायला लागल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षं वय, उंची बेताची, आवाज मात्र नदीच्या पलीकडच्या मजुराला हाक मारायला घडवलेला. हिवाळ्यात माकडटोपी आणि तिच्यावर बेसबॉलची टोपी, अशा दोन टोप्या घालून ते कॉरिडॉरमधून निघाले की लोक आपापल्या दाराची किल्ली लगबगीनं शोधायला लागायचे.

काकांचा एकच नियम होता: कोणाच्या रीतीला नावं ठेवायची नाहीत. कोणी कसंही खावो, कसाही नमस्कार करो, कसंही रडो, तुम्ही ‘शी’ म्हणायचं नाही. ‘अय्या, हे लोक असं करतात?’ एवढं एखाद्या पार्टीत कोणाच्या तोंडून निघालं की पुढचा पाऊण तास काकांचा. “काहून रे बाप्पा?” अशी नागपुरी सुरुवात व्हायची, आणि शेवटी तो बिचारा माणूस आपल्या आजोळच्या चालीरीतींबद्दल माफी मागून घरी जायचा. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना त्यांना बोलवावं की नाही यावर दरवर्षी कमिटीत चर्चा व्हायची. बोलवायचे. न बोलावल्यास ते कोणाच्या वतीनं भांडतील याचा नेम नव्हता.

त्यांच्या समोरच्या दारात मारिसेल राहायची. फिलिपीन्सच्या उत्तरेकडच्या एका गावातली, हॉस्पिटलात नर्स. पहिल्यांदा भेटली तेव्हा तिनं काकांचा हात उचलून आपल्या कपाळाला लावला. काका म्हणाले, “मला ताप नाही, बाळ.” ती हसायला लागली आणि तिनं समजावून सांगितलं, की त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद असाच घेतात. झालं! दुसऱ्या दिवसापासून काकांनी आमच्या मुलांना पाया पडायची बंदी केली आणि हात कपाळाला लावायला शिकवलं. “आपण पायापर्यंत वाकतो, ते हात कपाळापर्यंत नेतात. अंतर फार तर चार फुटांचं, भार तोच,” हा त्यांचा इंजिनियरी हिशोब. मारिसेल एखादी वस्तू दाखवायला बोटाऐवजी ओठांचा चंबू त्या दिशेला करते, तिच्या गावी सगळेच करतात, हे कळल्यावर काकांनी तेही उचललं. किराण्याच्या दुकानात त्यांनी काउंटरवरच्या प्रौढ बाईंना मागच्या फळीवरचा गूळ असा ओठांनी दाखवला. पुढचे तीन महिने गूळ मला आणावा लागला.

आणि ते अंडं! उन्हाळ्यातल्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, मारिसेलच्या एका मैत्रिणीनं त्यांच्याकडचा प्रसिद्ध पदार्थ आणला होता: आत अर्धवट वाढलेलं पिल्लू असलेलं बदकाचं उकडलेलं अंडं. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी आत डोकावून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून तो निषिद्ध उद्गार गेला. काका जन्मात आमलेटपलीकडे गेलेले नव्हते. त्यांनी सावकाश एक अंडं उचललं, मीठ लावलं, आणि जोशीकाकूंच्या डोळ्यांत डोळे घालून संपवलं. मग झाडाखालच्या खुर्चीवर जाऊन बसले. रंग आधी पांढरा, मग हिरवट. मारिसेल लिंबाचं सरबत घेऊन धावत आली आणि म्हणाली, “काका, व्हाय? आय नेव्हर ईट दॅट! लहानपणापासून मला बघवतसुद्धा नाही!” काकांनी दोन घोट घेतले, डोळे मिटले आणि क्षीण आवाजात म्हणाले, “प्रश्न अंड्याचा नव्हता. प्रश्न ‘शी’चा होता.”

मी हे सगळं हसत सांगतोय, पण एका प्रकरणात मी काकांच्या समोरच्या बाजूला होतो, आणि ते सांगितल्याशिवाय हे चित्र खरं होणार नाही.

त्या वर्षी मी कॉम्प्लेक्सच्या बोर्डाचा सेक्रेटरी होतो. फेब्रुवारीत मारिसेलची आई तिकडे गावी वारली. मारिसेलचे व्हिसाचे कागद नूतनीकरणाला गेलेले. देश सोडला तर परत येता येईलच असं वकील सांगेना. ती गेली नाही. आईचे अंत्यसंस्कार तिनं फोनवर पाहिले. त्यांच्यात माणूस गेल्यावर नऊ संध्याकाळी घरी प्रार्थना करतात. ओळखीचे सगळे जमतात, जपमाळ होते, मग सगळ्यांना जेवू घालतात. मारिसेलच्या हॉस्पिटलातल्या नर्सेस, त्यांचे नवरे, मुलं असे पंचवीस-तीस लोक ड्यूटी संपवून रोज यायला लागले. कॉरिडॉरमध्ये बुटांची रांग, लसणीचा वास, पार्किंगमध्ये गाड्या. तिसऱ्या दिवशी बोर्डाच्या अध्यक्षबाईंकडे दोन तक्रारी आल्या. नियमाप्रमाणे प्रत्येक घराला पाहुण्यांच्या गाड्यांचे दोनच पास. नोटीस तयार झाली. मी सही केली आणि मारिसेलच्या दाराला ती चिकटवलीही मीच.

तासाभरात काका माझ्या दारात. हातात ती नोटीस, डोक्यावर दोन्ही टोप्या.

“ही सही तुझी?”

“हो काका. सेक्रेटरी म्हणून केली.”

“सेक्रेटरीला आई नसते?”

“काका, नियम सगळ्यांना सारखे आहेत. उद्या आपल्यातल्या कोणी तीस गाड्या आणल्या तरी हीच नोटीस जाईल.” आणि मग, मला अजूनही त्याची लाज वाटते, मी एक हुशारी केली. “तुम्हीच सांगता ना, प्रत्येकाची आपापली रीत, नावं ठेवायची नाहीत? मग या कॉम्प्लेक्सचीही एक रीत आहे. शांतता हवी, गाड्या रेषेत हव्यात, आपलं दुःख आपल्या दाराआड ठेवावं. ही इथल्या लोकांची रीत. तिला तुम्ही नावं का ठेवताय?”

काकांनी नोटिशीची घडी करून खिशात घातली आणि एक अक्षर न बोलता जिना उतरून गेले. मी बायकोला म्हणालो, “आज काकांना गप्प केलं.” ती भाजी चिरता चिरता म्हणाली, “बरं केलंस. आता तिकडे खाली तिलाही गप्प करशील.”

पुढचा अख्खा दिवस काका दिसले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीवरचा बर्फ खरवडत होतो, तर ते समोर येऊन उभे.

“तू परवा बरोबर बोललास,” ते म्हणाले. “मी चुकलो. चाळीस वर्षं चुकीचं बोलत होतो.”

मी खरवडणं थांबवलं.

“तुझी काकू गेली तेव्हा दहाव्याला मी भाताचा गोळा घेऊन आपल्या मागच्या तळ्याशी उभा होतो. कावळा कुठून येणार? वजा दहा डिग्री. मुलगी म्हणाली, बाबा, इट्स ओके, चला. ती बरोबरच होती. ही मारिसेल रात्रपाळी करून आली होती, गाडीतून उतरली अन् माझ्याजवळ उभी राहिली. काय चाललंय ते विचारलंसुद्धा नाही. अर्ध्या तासानं ती लठ्ठ कॅनडाची बदकं आली आणि भात खाऊन गेली. मी म्हटलं, हे चालत नाही, कावळाच लागतो. तर म्हणाली, काका, आम्हीही आमच्या मेलेल्यांसाठी ताट वाढून ठेवतो. पक्षी कोणता ते आमच्यात ठरलेलं नाही.” काकांनी नाक पुसलं. “तर सगळ्या रीती सारख्या नसतात, राजा. आई गेलेल्या पोरीनं दार लावून एकटीनं रडावं असं जी सांगते, ती रीत इथली असो, नागपूरची असो, तिच्या गावची असो, मी तिला नावं ठेवणार. मोठ्यानं ठेवणार! आणि ती रीत तुझ्या सहीनं आली, म्हणून तुलाही ठेवणार.”

एवढं बोलून ते नावं ठेवत बसले नाहीत. पूल बांधायला निघाले. त्या दिवशी त्यांनी कॉम्प्लेक्समधलं एकेक दार वाजवलं. मागणी साधी होती: तुमचे पाहुण्यांचे दोन पास पाच दिवसांसाठी द्या. नियम मोडायचा नव्हता. नियमानं प्रत्येक घराला दिलेला हक्क घराघरातून गोळा करून एका दारात आणायचा होता. तेलुगू डॉक्टरांनी दिले, वरच्या पोलिश आजींनी दिले, एका कोरियन जोडप्यानं पाससोबत संत्र्यांची पिशवीही दिली. ज्यांनी तक्रार केली होती त्यातल्या एका घराशी काका पंचवीस मिनिटं भांडले आणि एक पास घेऊनच उतरले. जोशीकाकूंनी दोन्ही पास दिले आणि वर विचारलं, “त्या लोकांना साबुदाण्याची खिचडी चालेल का हो?” माझं दार मात्र त्यांनी वाजवलं नाही. दाराच्या फटीतून मी त्यांचे पाय समोरून पुढे जाताना पाहिले.

संध्याकाळी पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीच्या आरशाला रीतसर पिवळा पास लटकत होता. अध्यक्षबाई टॉर्च घेऊन एकेक तपासत फिरल्या आणि परत गेल्या. मारिसेलच्या उघड्या दारातून दिसत होतं, आत काका जमिनीवर, नर्सेसच्या मध्ये, हातात उधारीची जपमाळ, एक शब्द कळत नसताना प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी ‘आमेन’ म्हणत होते, बहुतेक वेळा एक ओळ आधी.

नवव्या संध्याकाळी मी माझे दोन्ही पास घेऊन खाली गेलो. गरज नव्हती, गाड्या मावल्या होत्या. दार मारिसेलनंच उघडलं. काय बोलावं ते ठरवून गेलो होतो, ते सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, “त्या नोटिशीवर सही माझी होती. आय ॲम सॉरी.” सहज माफ करण्यासारखं ते नव्हतं आणि तिनं तसं केलंही नाही. मग बाजूला सरकून म्हणाली, “शूज बाहेर. फूड इज गेटिंग कोल्ड.” आत तिच्या आईच्या फोटोसमोर एक ताट वाढून ठेवलं होतं: भात, शेवयांसारखे नूडल्स, आणि एका कडेला जोशीकाकूंची खिचडी. काकांनी मला पाहिलं आणि शेजारी जागा करून दिली.

पुढच्या बोर्ड मीटिंगमध्ये मी ती नोटीस मागे घेण्याचा ठराव मांडला आणि दुःखाच्या प्रसंगी पासची अट सैल करण्याचाही. पहिला मंजूर झाला, दुसरा दोन मतांनी पडला. निकाल ऐकून काका उभे राहिले आणि त्यांनी सगळ्या बोर्डाला, नियमाच्या पुस्तकासकट, नागपुरीतून आणि इंग्रजीतून नावं ठेवली. त्या वर्षअखेरी मी सेक्रेटरीपद सोडलं. ठराव मात्र दरवर्षी मांडतो. दरवर्षी पडतो.

गेल्या वर्षी काकांचे गुडघे साथ देईनासे झाले आणि मुलीनं त्यांना दुसऱ्या राज्यात, अर्विंगला नेलं. तिचं घर मोठं आहे, गेटच्या आत आहे, शेजारी सगळे आपलेच आयटीतले लोक आहेत. परवा फोन केला. म्हटलं, “काका, तिकडे सध्या कोणाशी चाललंय?”

“कोणाशीच नाही रे,” ते म्हणाले. “फार समजूतदार लोक आहेत. कोणी कोणाला काही बोलत नाही. गाड्या गॅरेजात, दारं बंद. शेजारचे गृहस्थ वारले ते मला तीन आठवड्यांनी कळलं. घरासमोर विक्रीची पाटी लागली तेव्हा.”

तिकडून टीव्हीचा आवाज येत होता.

“नाव काय होतं त्यांचं, तेही माहीत नाही,” काका म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण आता तो नदीपलीकडे पोचला नसता.