सहाव्या मजल्याची ओळ

कौतुक करणं माझ्या स्वभावात नाही, हे माझी बायको शपथेवर सांगेल. पण आमच्या काकूंचा विषय निघाला की माझी जीभ सैल सुटते, त्याला इलाज नाही.

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. मी बिलं बघतो, समोरच्या टेबलावर काकू तक्रारी घेतात. साहेब त्यांच्याहून वयाने मोठे, तरी तेही काकूच म्हणतात. मेकॅनिक मंडळी पाठीमागे ‘हायकमांड’ म्हणतात. फोन आला की काकू संगणकात एक ओळ भरतात आणि ती यादीच्या तळाशी जाऊन बसते. ओळीच्या डाव्या कडेला सहा ठिपके असतात. ते माऊसने धरायचे, ओळ उचलायची आणि हवी तिथे सोडायची. हीच यादी मेकॅनिकच्या मोबाइलवर दिसते. तो वरून खाली कामं उरकत जातो.

तारखेप्रमाणे आपोआप लावून देणारं बटणही आहे. मी एकदा शहाणपणाने ते सुचवलं.

“त्या बटणाला जिने चढावे लागत नाहीत,” काकू म्हणाल्या. मी गुमान बिलांत डोकं घातलं.

कुणाला जिना झेपत नाही, कुठल्या दुकानात लिफ्ट नुसती मिरवायला आहे, हे त्या फोनवर बोलता बोलता काढून घेतात. तोवर हाताने ओळी वरखाली झालेल्या असतात. मी काम सोडून बघत राहतो. खरंच सांगतो, थक्क व्हायला होतं.

एक दिवस त्यांच्याच इमारतीची लिफ्ट बंद पडली. फोन काकांचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा. राहायला सहाव्या मजल्यावर, दुपारी डायलिसिस. चार पायऱ्यांत काकांना धाप लागते, आणि जिना इतका अरुंद की खुर्चीत बसवून उतरवायचीही सोय नाही. आजची पाळी हुकली तर पुढची परवा, आणि तोवर अंगात पाणी साचून श्वास घेणं मुश्कील. त्यात आमचा एक मेकॅनिक रजेवर, कामाला एकच माणूस होता.

काकूंनी ओळ भरली. ती तळाला गेली. मग त्यांनी माऊस माझ्याकडे सरकवला.

“ही तुम्ही लावा. मी उचलली तर वरच जाईल.”

मी ती थेट पहिली लावली.

“वर कोण होतं?” त्यांनी पडद्याकडे न बघताच विचारलं.

मी बघितलं. एक बाई लिफ्टमध्ये अडकलेली होती. मी ओशाळून ओळ एक घर खाली आणली. “आता बँकेच्या वर आहे. दोन मजली बँक.”

“मग बरोबर आहे,” म्हणाल्या आणि माऊस परत घेतला.

अडकलेल्या बाईची सुटका व्हायला वेळ लागत होता. तेवढ्यात फोन वाजला. दुसरी इमारत, पाचवा मजला, एका बाईला बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या, लिफ्ट बंद. काकूंनी ओळ भरली, ठिपके धरले, ओळ वर वर नेली आणि सहाव्या मजल्याच्या वर सोडली. हात अडखळला नाही, मला काही विचारलंही नाही.

मग त्यांनी घरी फोन लावला. “अहो, तुम्ही आता तिसरे.”

“वर कोण आलं गं?” काकांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“बाळंतपणाला निघालेली बाई.”

“बरं, मग मी दाढी उरकून घेतो. हॉस्पिटलला तेवढं कळव.”

एवढंच. ना आरडाओरडा, ना उपकाराची भाषा. ही दोन माणसं कुठल्या मातीची आहेत, मला कळेना.

अडकलेली बाई सुटली, मग पाचव्या मजल्यावरची वेळेत खाली उतरली. तिच्यामागून काकांची लिफ्ट सुरू झाली. हॉस्पिटलात त्यांना डायलिसिसची दिवसातली शेवटची खुर्ची मिळाली. ‘मशीन लावलं’ असा त्यांचा फोन आल्यावरच काकूंनी त्या ओळीपुढे ‘झालं’ अशी खूण केली.

मग पुढची ओळ धरायला गेल्या, तर ते सहा ठिपके सापडेनात. बाण इकडेतिकडे नाचत होता. मी त्यांच्या बोटांकडे बघितलं.

“काकू, मी लावू?”

“नको. थांबेल ती,” डोळ्यांना पदर लावत त्या म्हणाल्या, “चपलांच्या दुकानाची लिफ्ट आहे.”