डावं-उजवं

डावरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते थोरल्या जावेनं ठेवलेलं. नवी सून सगळं डाव्या हातानं करते म्हणून जाऊ तिच्या त्या हाताला फडकं गुंडाळून मूठच बांधून टाकी, आणि आल्यागेल्याला हसून सांगे, "वासराला दावं, तसं हिला हे." फडकं सुटलं ते पहिल्या बाळंतपणात. त्या धांदलीत बांधायचं कुणाला सुचलं नाही.

डावरीनं ब्र काढला नाही. देवापुढे दिवा लावताना मात्र म्हणे, बाकी सगळं तू बघ, हे एवढं माझ्यावर सोड.

पुढे गावात बायकांसाठी टोपल्या विणायचा वर्ग निघाला. वाळल्या गवताचा दोर वळायचा, त्याचं वेटोळं घालत दाभणानं टाके घ्यायचे, फेरावर फेर. शिकवणाऱ्या बाईंसमोर बसलं की त्यांचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसे आणि बायकांची त्रेधा उडे. डावरीसमोर बसलेल्या मात्र भराभर शिकल्या. तिचा हात समोरून आरशासारखा. दिसेल तसं करायचं, बस्स. बाईंनी ते हेरलं आणि वर्ग तिच्याच हाती दिला. जिची टोपली डावरी पसंत करील, तिलाच टोपल्या विकणाऱ्या गटाचं काम.

थोरले दीर अंथरुणाला खिळले, त्यांच्या वेगळ्या झालेल्या घरात मिळवतं कुणी उरलं नाही, तशी एक दिवस जाऊ वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. नाही म्हणायची सोय होती. पण डावरीनं सतरंजीवर आपल्या शेजारची जागा थोपटली.

"या जाऊबाई. तुम्ही घरच्या. लांब कशाला बसता?"

बायका म्हणाल्या, मन किती मोठं.

शेजारून बघून जावेचं सगळं उलटं होई. टाका इकडचा तिकडे पडे, वेटोळं सैल सुटे. समोर बसू का, असं तिनं एकदा विचारलंही. समोर जागा नाही, डावरी म्हणाली. आणि गोड आवाजात, "उसवा." जाऊ उसवी. पुन्हा घाली. पुन्हा "उसवा."

एके दुपारी जावेनं दाभण खाली ठेवलं. पिशवीतून फडकं काढलं, दातानं गाठ आवळत स्वतःची उजवी मूठ बांधली आणि दाभण डाव्या हातात घेतलं. डावरीचा टाका चुकला.

पसंतीच्या दिवशी जावेची टोपली पुढे आली. ओबडधोबड, पण घट्ट. डावरीनं ती गुडघ्यावर दाबली, पिळून पाहिली. एखादा टाका सुटावा म्हणून सगळा जोर लावला. सुटला नाही. नापास म्हणायला तोंड उघडलं खरं, पण संध्याकाळी देवापुढे उभं राहायचं होतं.

"घेतली."

जाऊ फडकं सोडू लागली.

"राहू द्या. हात बसलाय तो डावा. गटात यायचं तर आता कायम डाव्यानंच."

जावेनं मग गाठ पुन्हा आवळली.

"आणि हाक मारताना घोटाळा नको," डावरी बायकांना म्हणाली. "थोरली डावरी मी. या धाकट्या."

हसू सगळ्या खोलीभर पसरलं.

त्या संध्याकाळी तिनं देवाजवळ काही मागितलं नाही. वात तेवढी पुढे सारली, डाव्या हातानं.