दादाला सपाट झोपवत नव्हतं

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी झाली होती, अर्धी तशीच ठेवून निघालो आणि परभणीच्या स्टेशनात जी गाडी उभी दिसली तीत बायकोला आधी चढवलं, मग स्वतः चढलो. "ही चुडाव्याला थांबती का?" तिनं विचारलं. "थांबती की," मी म्हणालो. लहानपणापासून आत्याच्या गावाला जाणाऱ्या माणसाला असं विचारावं, याचा त्याही अवस्थेत मला थोडा रागच आला. पूर्णा आलं, गाडी थांबली, शेजारचा माणूस उतरला. मी मोकळ्या जागेत पाय लांब केले. पूर्णेनंतर गाडीनं जो वेग धरला तो पाहून मला शंका आली, पण शंका यायला आणि चुडावा यायला एकच गाठ पडली. फलाट मागं गेला. फलाटापलीकडची बाभळ गेली. मग दादाचं घर... दारात माणसं जमलेली, कुणीतरी बैलगाडीतून बांबू उतरवून घेत होतं. बायकोनं खिडकीतूनच हात जोडले. नांदेडला उतरून, दोन तास हिंडून जीप करून आम्ही उलटे आलो तोवर माणसं स्मशानातून परतून हातपाय धूत होती. "कुठं होता पाव्हणं?" एकानं विचारलं. मग त्याला माझा एक गाल गुळगुळीत आणि एक पांढऱ्या खुंटांचा दिसला, आणि त्यानं पुढचं काही विचारलं नाही. सुधाकरदादाचा शेवटचा चेहरा मी पाहिला नाही तो असा.

सुधाकरदादा माझा आतेभाऊ, माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठा. आमच्या घराण्यात लोळण्यात वाकबगार मी, आणि लोळण्याची साधनं करण्यात तो. जन्मभर त्यानं दुसरं काही केलं नाही. मागं रेलणाऱ्या खुर्च्या, घडीचे पलंग, दवाखान्यातले डोक्याकडून उचलले जाणारे पलंग... माणूस बसता बसता आडवा कसा होतो आणि आडवा झालेला पुन्हा उठून कसा बसतो, एवढ्याच प्रश्नाभोवती त्याचं डोकं फिरायचं. याचं मूळ बहुतेक आत्याच्या ओसरीवरच्या कापडी आरामखुर्चीत असावं. दोन खाचांत दांडी अडकवायची ती खुर्ची. आत्याच्या थोरल्या मुलीला, आमच्या ताईला, पाहायला आलेले एक वजनदार पाव्हणे तीत बसले, दांडी खाचेतून निसटली आणि ते कापडात गुंडाळल्यासारखे जमिनीवर गेले. मी तोंडात रुमाल कोंबून न्हाणीघरात पळालो. घरातले मोठे त्यांना उचलायला धावले. दादा मात्र गुडघ्यावर बसून त्यांना अदबीनं विचारत होता, "काका, तुमी आधी पाठ टेकली का आधी पाय उचलले?" पाव्हणे हसत उठले, चहाही प्याले, पण पुन्हा काही आले नाहीत. ताईचं लग्न पुढं चांगल्या घरी झालं, तरी आत्या दादाला ते ऐकवायची. पडण्याचं नाही, विचारण्याचं.

मेकॅनिकलचा डिप्लोमा करून तो पुण्याकडे दवाखान्यांचे पलंग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला आणि हळूहळू तिथल्या डिझाइन विभागाचा मुख्य झाला. मी सुट्टीत गेलो की मला तिथं घेऊन जायचा. मला वाटायचं भावाला कारखाना दाखवायची हौस आहे. खरं कारण त्यानं एकदा सगळ्यांदेखत सांगून टाकलं. "इथली पोरं सगळी किडकिडीत. तुझ्यासारखं पोट आमाला चाचणीला मिळत न्हाई." मग मला बूट काढून पलंगावर निजवायचे आणि डोक्याकडची बाजू वर करायचे. मी घसरत घसरत पायांकडे जायचो. "बघा," दादा पोरांना म्हणायचा, "पलंगाचा सांधा गादीच्या खाली हाय आणि ह्याचा सांधा गादीच्या वर, कमरेत. दोघं दोन जागी मोडायलेत. मग पेशंट खाली सरकणार, आणि दर तासाला दोन नर्सा त्याला बखोट्याला धरून वर वढणार. पाठीची साल जाती माणसाची." शेवटी त्यानं असा पलंग केला की पाठीचा टेकू वर येता येता थोडा मागंही सरकायचा, आणि त्याच्या आधी गुडघ्यांखालची फळी हलकेच उचलली जायची. त्या पलंगावर मी जिथल्या तिथं राहिलो. दादानं माझ्या पोटावर थाप मारली. आयुष्यात माझ्या पोटाचा झालेला तेवढा एकच सत्कार.

घडीच्या पलंगाच्या बाबतीत त्याचं एकच वेड होतं: बोटं. पलंग मिटताना दोन नळ्यांच्या मधे कुणाचं बोट सापडू नये, यासाठी तो प्रत्येक नमुन्यात आधी स्वतःची बोटं घालून बघायचा. त्याच्या डाव्या हाताचं एखादं नख कायम काळंनिळं असायचं. "पलंगानं माणूस निजवावा. खाऊ न्हाई," म्हणायचा. आमच्या घरी मी एकदा मोठ्या ऐटीत रिक्लायनर खुर्ची आणली, आणि तो आल्यावर त्याला तीत बसवलं. त्यानं दांडा ओढला, खुर्ची मागं गेली आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. "विनू, मागं रेलताना खुर्चीनं पुढं सरकाया पाहिजे. म्हंजे भिंतीला चिकटून ठेवता येती," तो हळहळत म्हणाला. ते ऐकून स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "दादा, त्या खुर्चीचं राहू द्या. हे बघा तुमचे भाऊ, जेवण झालं की दांडा न वढता मागं जातेत." त्यावर दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. तो ठसका लवकर थांबला नाही. आम्ही पाणी दिलं, पाठ चोळली आणि विसरून गेलो. आता मोजतो तर सगळं तिथूनच सुरू झालेलं दिसतं.

निवृत्त होऊन तो चुडाव्याला परत आला तेव्हा हृदय थकलेलं होतं. छातीत पाणी साठायचं. बसला की ठीक, चालला तरी ठीक. आडवा झाला की दम लागायचा. हजारो माणसांच्या निजण्याची सोय केलेल्या माणसाला स्वतःला निजता येईना. आधी उशांवर उशा झाल्या, मग भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या. शेवटी पूर्णेच्या एका वेल्डरकडून नळ्या जोडून घेऊन त्यानं स्वतःसाठी पलंग केला. दिवसा खुर्ची, रात्री हवा तेवढा तिरका पलंग. आतल्या स्प्रिंगा अशा बसवलेल्या की बाजूचं हँडल अंगठ्यानं फिरावं. आणि गंमत अशी की तो पलंग त्याच्याइतकाच निर्मलावहिनींनाही मानवला. त्यांचे गुडघे आणि कंबर संधिवातानं धरलेले. सपाट अंथरुणावरून त्यांना कुणी हात दिल्याशिवाय उठताच यायचं नाही. दुपारी दादा ओट्यावर जाऊन बसला की त्या त्या पलंगावर पडायच्या, आणि हँडल फिरवून कुणाला हाक न मारता उठून बसायच्या. "आमचं दोघांचं मिळून एक धड अंग हाय," दादा सांगायचा. "छाती हिची, गुडघे माझे." तो एकच पलंग दोघं पाळीपाळीनं वापरायचे.

शेवटचा भेटलो तेव्हा तो त्यावर तिरका बसलेला होता. पाय सुजलेले. दोन शब्दांमधे आता श्वासाची जागा सोडावी लागत होती. खिडकीतून फलाट दिसायचा. बाकड्यावर एक माणूस डोक्याखाली पिशवी घेऊन उताणा झोपला होता. दादा बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. "काय डिझाइन हाय का त्या बाकड्यात? ... फळी हाय नुसती... तरी बघ कसा झोपलाय." मग थोड्या वेळानं, "एकदा असं सपाट पडायला पाहिजे होतं रे, विनू." मी काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही, बरंच आहे.

पुढचं लिहू का, म्हणून वहिनींना फोन करून विचारलं. "लिवा," म्हणाल्या, "फकत गुरुजींचं नाव घालू नका. बिचारे चांगले हायेत."

तेराव्याला शय्यादान असतं. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर आराम मिळावा म्हणून पलंग, गादी, उशी, पांघरूण, छत्री, वहाणा असं सगळं ब्राह्मणाला द्यायचं. दादाचा मुलगा निखिल पुण्याला नोकरी करतो. त्यानं नांदेडहून सगळं नवं आणलं होतं. लोखंडी पलंग अंगणात मांडला, वर नवी गादी घातली. वहिनी भिंतीला धरून धरून बाहेर आल्या, पलंगाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हा तर सपाट हाय."

कुणाला काही कळलं नाही. त्या गुरुजींकडे वळल्या. "गुरुजी, इथं दिलेलं त्यांना पोचतं म्हणता न्हवं?"

"पोचतं, माय. श्रद्धा असली की पोचतं."

"मग हा पोचला तर ते झोपतील कसे? दम लागतो की त्यांना."

गुरुजींनी पंचांग उघडलं, पुन्हा मिटलं. निखिल पुढं आला. "आई, बाबांचा पलंग द्यायचा न्हाई. तो तुला लागतो. तुला त्याच्याशिवाय उठता येत न्हाई."

"मला उठवायला माणसं हायेत," वहिनी म्हणाल्या. कुठली माणसं, ते बोलल्या नाहीत. निखिलचं परतीचं तिकीट झालेलं होतं.

मग मी मधे पडलो. घरातला शहाणा म्हणून कुणीतरी पडावंच लागतं. "वहिनी, देह गेला, छाती गेली. तिकडं कशाचा दम आलाय? आणि दादाच मला म्हणाला होता, एकदा सपाट झोपायचंय."

"म्हणतील ते. ते लय काय काय म्हणायचे. भाऊजी, तिकडं जाऊन बघून आलाव का तुमी?"

मला तर चुडाव्याला नीट उतरता आलं नव्हतं. गुरुजींनी शेवटचा प्रयत्न केला, "वापरलेली वस्तू दानात देत न्हाईत, माय." त्यावर वहिनी म्हणाल्या, "नवी वस्तू त्यांना कधी आवडली हो? सैल होईस्तोवर शिव्या घालायचे." एवढं बोलून त्या पायरीवर बसल्या, आणि आता हे झाल्याशिवाय त्या तिथून उठणार नाहीत, हे सगळ्यांना दिसलं.

दादाचा पलंग बाहेर आणला. गुरुजी विधीसाठी त्यावर बसले. निखिलनं पाणी सोडलं. मी पुढं होऊन हँडल फिरवलं, ते नेमकं उलट्या बाजूनं, आणि गुरुजींचे पायच वर आले. कुणी हसलं नाही. वहिनींनी मला बाजूला केलं, निखिलच्या खांद्याचा आधार घेऊन त्या उभ्या राहिल्या आणि स्वतः हँडल फिरवू लागल्या. गुरुजी धोतर सावरत हळूहळू तिरके झाले. थोडं वर... थोडं आणखी... एका जागी वहिनींचा हात आपोआप थांबला. दादा झोपायचा तो तिरकेपणा. गुरुजींनाही ते कळलं असावं. ते तिथं डोळे मिटून पडून राहिले आणि वहिनी "हां" म्हणेपर्यंत हलले नाहीत.

मग टेम्पो आला. पलंगाची घडी झाली आणि तो फाटकातून सहज बाहेर गेला. कुठंतरी अडकावा, खांबाला लागावा, असं मला फार वाटत होतं. पण दादाची वस्तू अडकत नसे, आणि तिनं कुणाचं बोटही खाल्लं नाही.

आता महिना होऊन गेला. परवा आम्ही वहिनींना भेटून आलो. नांदेडचा तो सपाट पलंग त्यांच्या खोलीत मांडलाय. दादाचा पलंग जिथं असायचा तिथं फरशीवर चार पायांच्या चार काळ्या खुणा आहेत, त्या नव्या पलंगाखाली झाकल्या जात नाहीत, बाहेर उरतात. निखिल त्यांना पुण्याला घेऊन जायला तयार आहे, पण वर्ष होईस्तोवर घर सोडणार नाही, असं वहिनी म्हणतात. शेजारची बाई सकाळी येऊन हात देते, असंही म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं आणि वहिनी अजून अंथरुणातच होत्या, डोळे उघडे, छताकडे बघत. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून त्यांना बसवलं. "आलाव का," एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर मला चैन पडेना. दादाचा भाऊ म्हणून माझ्याही डोक्यात एक यंत्र आलं. बायको गवार निवडत बसली होती. मी म्हणालो, "वहिनींच्या उशाला भिंतीत एक लोखंडी कडी बसवून देतो, तिला चांगला जाड दोर बांधतो. धरून त्यांचं त्यांना उठता येईल."

तिनं मान वर केली नाही. हातातली शेंग मोडली आणि म्हणाली, "त्यांना उठायचंय, असं कुणी सांगितलं तुमाला?"