एक नंबरचं बटण

समस्त मंडळींनी टोप्या काढून ऐकावं अशी गंभीर घोषणा करतो: जगातली सर्वांत आज्ञाधारक वस्तू म्हणजे मोटारीची सीट. उन्हात तापलेल्या चामड्याचा वास आला, की मला बसवनगुडीच्या आमच्या दारातली अण्णाची एसयूव्ही आठवते. कंपनीनं ते मॉडेल बंद केल्याचं कळलं, तेव्हा अण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, चक्क एक दिवस सुतक पाळलं होतं. अण्णा बुटका, त्यामुळे स्टिअरिंगला छाती टेकवून बसायचा, आणि आपली ती बैठक त्यानं सीटच्या एक नंबरच्या बटणात भरून ठेवली होती; ते दाबलं की सीट आपोआप त्याच जागी यायची. तो गेल्यावर सहा महिन्यांनी वहिनीनं गाडी विकायला काढली. नवी मिळत नाही म्हणून शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या व्हाइटफील्डहून एक ताडमाड गिऱ्हाईक आलं. "सरी, बरं, बटणं चालतात का बघू," म्हणत त्यानं एक नंबर दाबला. घर्र करत सीट वर उचलली गेली, पुढे सरकली, आणि बिचाऱ्याचे गुडघे स्टिअरिंगखाली अडकले. मी खो-खो हसत सुटलो. तेवढ्यात किल्ली घेऊन शेजारी उभी असलेली वहिनी, अण्णाला रोज बोलायची त्याच सुरात, एकदम बोलून गेली, "अहो, स्टिअरिंग खाणार आहात का? जरा मागं सरका की!"