करवलीची बोटं

कामतघरच्या आमच्या चाळीत सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं की काशीताईला महारोग झालाय. नळावर तिची कळशी आली की बाया आपापल्या कळश्या बाजूला ओढायच्या. शेजारची सीताबाई नाकातून सांगायची, "बोटं झडतील गो तिची, बघ तू." मी ही नक्कल केली की काशीताई पोट धरून हसायची. पण तोंड पुरतं उघडायचं नाही. ओठांभोवतीची कातडीही आवळत चालली होती.

महारोग वगैरे काही नव्हतं.

काशीताई चौथी पास झाली तेव्हा ठकुबाई, तिची आई, म्हणाली की लडकूला मॅट्रिक होऊ दे, मग तू परत शाळेत जा. तिच्या थोरल्या भावाने, लडकूदादाने, गळ्याला चिमटा घेऊन शपथही घेतली. काशीताई लूमच्या कारखान्यात कांड्या भरायला बसली. मागावर पळणाऱ्या धोट्यात घालायच्या या सुताच्या कांड्या. धागा तुटला की बोटांच्या टोकांनी गाठ मारायची, आणि तिची गाठ कापडात दिसायची नाही. लडकूदादा मॅट्रिक झाला, बीकॉम झाला, बँकेत लागला. शाळेचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

मग एका थंडीत तिची बोटं पांढरी पडली, नंतर निळी. धागा हाताला लागेना. गावठी लेप, अंगारे, सगळं झाल्यावर लडकूदादा तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. बसमध्ये तिला दांडा धरवत नसे म्हणून सोबतीला मी, समोरच्या खोलीतली.

तिथला डॉक्टर चष्म्यावरून बघत एकेक शब्द ठेवल्यासारखा बोलायचा. हा महारोग नाही, म्हणाला. शरीरच स्वतःवर उलटलंय, त्याने कातडी कडक होते. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. मग तिला शिक्षण विचारलं. चौथी, ती म्हणाली. त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, माझ्याकडे असल्या दुखण्याचे कमी शिकलेलेच जास्त येतात. कष्टामुळे, धुळीमुळे, की उशिरा येतात म्हणून, मला सांगता येणार नाही.

परतीच्या बसमध्ये काशीताई म्हणाली, "दादूस, तू पंधरावी, मी चौथी. दुखनं बी शिकल्याला घाबरतंय."



चाळीत आल्यावर सगळ्यांनी लडकूदादालाच गाठलं. डॉक्टरचं बोलणं समजलेला, आणि चाळीने ज्याचं ऐकलं असतं असा तो एकटाच. त्याने घसा साफ केला. "अं-हं, त्याचं असं आहे, उपचार चालू आहेत." बस. त्याची ही 'अं-हं' मी अशी काढायचे की ठकुबाईसुद्धा मुलगा आला समजून दारात डोकवायची. नळावरच्या कळश्या मात्र बाजूला सरकतच राहिल्या.

पुढच्या वर्षी त्याचं लग्न ठरलं. आमच्यात नवऱ्याला पहिली हळद करवलीने, म्हणजे बहिणीने लावायची. काशीताईने पिवळी साडी आणली. हळदीच्या दिवशी ठकुबाईने तिला सांगितलं, व्याही यायचेत, बोटं बघतील, तू आतच बस. कोण म्हणालं असं, काशीताईने विचारलं. ठकुबाई हळद कालवायला निघून गेली.

मी म्हटलं, हे म्हातारीचं काम. लडकूदादा स्वतः येऊन तुला मांडवात नेईल. लाव पैज.

"न्हाय येनार तो," काशीताई म्हणाली. "आला तर ही साडी तुजी. न्हाय आला तर तुजं पाचवीचं पुस्तक मना दे."

दिवेलागणीला मांडवात लग्नाचे धवले गाणाऱ्या धवलारीण रंगूबाईने गाणं थांबवून विचारलं, "करवली कुठं हाय रं?" आम्ही दोघी भिंतीला कान लावून. ढोल थांबला. मग आली ती ओळखीची 'अं-हं'.

"तिची प्रकृती ठीक नाही. चुलतबहीण लावेल."

मी घरी जाऊन ट्रंकेतून पुस्तक आणलं. तिला हसवावं म्हणून घसा साफ करायला लागले, तशी ती म्हणाली, "आज लडकूचा आवाज काडू नको."

दादूस नाही, लडकू म्हणाली.

बाहेर धवले पुन्हा सुरू झाले. पिवळ्या साडीत मांडी घालून तिने पुस्तक मांडीवर घेतलं, मनगटाने सपाट केलं. बोटांना पान सुटेना.

"पानं तू उलट," ती म्हणाली. "वाचीन मी."