आठ ॲप्स आणि पहिल्या लेव्हलची चाल

मोबाइलवर जुन्या व्हिडिओ गेमसारखं म्युझिक बनवायचं असेल तर कुठलं ॲप घ्यावं, हे आमच्या अख्ख्या कॉलेजात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. हे मी शेखी मिरवायला सांगत नाहीये. सीनियर पोरं मला विचारतात, ज्यांच्याशी मी कधी बोललेही नाही ती मुलं मेसेज टाकतात, आणि मी लगेच धडाधड टाइप करते, की ते निळं नको, त्यात दर आठ ठेक्यांनी रमीची जाहिरात लागते, हे जांभळं घ्या, पैसे पडतात पण आवाजाला दात आहेत. एवढं लिहून पाठवते आणि मग फोन उलटा ठेवते. कारण आठ ॲप्स वापरून माझ्याकडे एकही गाणं नाही.

कसं झालं ते सांगते.

आम्ही नारायणगुड्यात राहतो. तिसरी पिढी हैदराबादेत, त्यामुळे घरात मराठी, घराबाहेर पाय टाकला की हैदराबादी हिंदी, आणि भाजीवालीशी मोडकं तेलुगू. बाबा जामबागेतल्या एका जुन्या शाळेत शिकवतात आणि शाळेची प्रार्थना त्यांच्या पेटीवर होते. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दोन विषय राहिलेत, आणि ज्यात मी चांगली आहे असं म्हणता येईल अशी एकही गोष्ट तोपर्यंत नव्हती. माझी मैत्रीण मात्र गेम बनवते. ती तेलुगू, दिलसुखनगरला राहते, घराच्या खालच्या दोन्ही मजल्यांवर कोचिंग क्लास, त्यामुळे तिच्या खोलीत बसलं की पायाखालून दिवसभर फिजिक्स ऐकू येतं.

ती मोबाइलचे गेम नाही बनवत. लहानपणी टीव्हीला वायर लावून खेळायचो, वरून पिवळी कॅसेट खोचायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची, त्या मशीनचा गेम. खरीखुरी कॅसेट, आत चिप, आत तिने लिहिलेला गेम. त्यात एक पोरगी संक्रांतीला गच्चीगच्चीवरून उड्या मारत कटलेला पतंग पकडायला पळते. मधे पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या, वाळत घातलेल्या साड्या. मला तो इतका आवडला की मी तिथल्या तिथे ओरडले असेन.

मी वर्गात बाकावर सतत बोटं आपटते. बहुतेक तेवढ्यावरूनच तिने मला विचारलं. म्हणाली, पहिल्या लेव्हलचं म्युझिक तू कर, लोक तेच सगळ्यात जास्त ऐकतात, कारण सगळे तिथंच मरतात. बेंगळुरूला असे जुने गेम करणाऱ्यांचा मेळावा होता, चार महिन्यांनी, ती तिथं कॅसेट घेऊन जाणार होती. पहिल्या स्क्रीनवर दोन नावं येतील, तिचं आणि माझं, आणि दोघी मिळून जाऊ. मला आजवर कुणी काही बनवून मागितलं नव्हतं. घरी गेले तेव्हा मी जेवले पण नाही, ॲप शोधत बसले.

माझ्याकडे लॅपटॉप नाही. एक सेकंडहँड फोन आहे, त्यातही जागा इतकी कमी की एक नवीन काही घालायचं तर एक जुनं काढावं लागतं. हे लक्षात ठेवा.

पहिलं ॲप राखाडी होतं. उघडलं तर सगळी अक्षरं आणि आकडे, वरून खाली सरकणारे, रेल्वेच्या टाइमटेबलसारखे. वाजवायला पेटीसारखी एकही कळ नाही कुठे. दहा मिनिटांत काढून टाकलं. दुसरं ते निळं रमीवालं. तिसऱ्यात आवाज मस्त होते पण गाणं दीड मिनिटाच्या वर जाईना. चौथं फक्त महागड्या फोनवर चालतं, तर त्याच्यासाठी एक रविवार आतेभावाचा फोन मागून घेतला आणि रविवार संपल्यावर परत दिला. पाचवं जांभळं. जांभळ्याच्या मी प्रेमात पडले. बोटाने रंगीत विटा ओढायच्या, विटेवर वीट, खाली दुसरी वीट, वाजवून बघायचं, आवडलं नाही तर वीट सरकवायची. त्यात आवाज असा निघायचा की अंगावर काटा. एकेक ॲप झालं की मी कॉलेजच्या ग्रुपवर लांबलचक लिहायचे, आवाज कसा, जाहिराती किती, बॅटरी किती खातं. लोक हार्ट टाकायचे. मला वाटायचं मी काम करतेय.

मैत्रीण मधून मधून विचारायची, चाल कुठपर्यंत आली. मी तिला नवीन ॲपबद्दल सांगायचे. एकदा ती म्हणाली, तू स्वयंपाक करणार आहेस की पातेली विकणार आहेस. मी खूप हसले. तीही हसली, पण माझ्याइतकी नाही.

जांभळ्यात शेवटी एक गाणं झालं. माझं तरी तेच मत होतं. ते मी ऑडिओ फाइल करून बाहेर काढलं, दोन ठिकाणी जपून ठेवलं, आणि मग सहावं ॲप बघायचं होतं म्हणून जांभळं काढून टाकलं. गाणं तर बाहेर आलंय, आता आत काय राहिलंय, असा माझा हिशोब. सहावं, सातवं, आठवं, त्यांच्यात काही झालं नाही. मेळाव्याच्या आधीच्या शनिवारी मी फाइल घेऊन दिलसुखनगरला गेले. सोमवारी सकाळी ती चिपमध्ये गेम भरणार होती.

तिने हेडफोन लावून ऐकलं. दोनदा. खालून कुणीतरी घर्षणाचे नियम शिकवत होतं. मग हेडफोन काढून म्हणाली, किराक है बा, म्हणजे एकदम भारी. आणि हात पुढे केला, की आता खरी फाइल दे. मी म्हटलं हीच खरी.

"ये तो गाने का फोटो है बा," ती म्हणाली. "गाना किधर है?"

मग तिने समजावलं, आणि खूप सावकाश समजावलं, त्यानेच मला जास्त लागलं. ते मशीन रेकॉर्डिंग वाजवत नाही. तिचा अख्खा गेम फोनवरच्या एका फोटोपेक्षा लहान आहे, माझी एकटी फाइल त्याच्या कितीतरी पट. मशीनला फक्त यादी लागते, कुठला सूर, कुठल्या आवाजात, किती वेळ. ती यादी वाचून मशीन स्वतः गातं. आणि मशीनचे गळे चारच. दोन चौकोनी आवाज, एक त्रिकोणी, एक नुसता खरखराट. अशी यादी जे ॲप काढून देतं ते तिने फोनवर शोधून मला दाखवलं. तेच राखाडी टाइमटेबल.

मी तिथेच तिच्या वायफायवर जांभळं परत घेतलं. म्हटलं निदान विटा बघून सूर उतरवून काढू. ॲप उघडलं. काळी रिकामी जाळी, आणि मधोमध लिहिलेलं, नवीन गाणं सुरू करा. सगळ्या विटा ॲपच्या पोटात होत्या आणि ॲपबरोबर गेल्या होत्या.

ती म्हणाली, कानाने उतरवता येईल का बघ, उद्यापर्यंत थांबते.

रविवारी दुपारी मी बाबांना सांगितलं. चार महिने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी पेटी काढली असती, आणि मला पेटी नको होती. त्यांनी पेटी काढलीच. फोन कानाला लावून तीन वेळा ऐकलं, डोळे मिटून, जणू कुणी मोठा माणूस गातोय. मला खरं सांगायचं तर त्या पाच मिनिटांत खूप छान वाटलं.

त्यांनी विचारलं, किती जण गातायत. मी म्हटलं सहा. मशीनला किती चालतात? चार, आणि पोरीने उडी मारली की त्यातला एक तेवढ्यापुरता उडीच्या आवाजाला द्यावा लागतो. "म्हणजे भरवशाचे तीन," बाबा म्हणाले, आणि शाळेच्या एका वहीत कामाला लागले. खालचा जाड आवाज त्यांनी लगेच पकडला, सा, सा, कोमल नी, प, असं लिहून काढलं. मग एका जागी थांबून म्हणाले, हे तीन सूर एकत्र नाहीयेत, एकामागोमाग पळतायत, इतक्या जोरात की एकत्र वाटतात. मी उडालेच. ही त्या जुन्या मशीनची खास युक्ती आहे, गळे कमी असतात म्हणून एकच गळा तिघांचं काम करतो, आणि बाबांनी ती नुसती ऐकून ओळखली. मी त्यांना पाच मिनिटं त्याच्यावर भाषण दिलं. मला वाटलं आता होणार.

"बरं," ते म्हणाले, "आता चाल सांग."

मी म्हटलं, ऐकताय ना तीच.

"ऐकतोय. सगळं चमकतंय. पण यातली चाल कुठली? तू गाऊन दाखव, मी लिहून घेतो."

मी तोंड उघडलं.

काय सांगू. माझं गाणं. माझ्या बोटांनी ओढलेल्या विटा, शंभरदा वाजवून बघितलेल्या. पहिले दोन सूर आले आणि पुढे काहीच नाही. परत सुरू केलं, दुसरंच काहीतरी निघालं. तिसऱ्यांदा जरा लांब गेले, आणि बाबांनी मान हलवून एकदोन सूर पेटीवर घेतलेसुद्धा, तेव्हा मला कळलं की मी रमीची जाहिरात गातेय. फोनवर परत लावून बघितलं. एकेक आवाज मनातून वजा करत गेले, हा नसला तर, तो नसला तर. थरथर होती, घुमारा होता, मागे एक सुंदर खरखर होती. ते सगळं जांभळ्या ॲपचं होतं. ते काढल्यावर खाली सा, सा, कोमल नी, प राहत होतं, आणि तेही मी ठरवून केलेलं नव्हतं, विटा तिथे पडल्या होत्या.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी वही बंदही केली नाही. म्हणाले, "अगं, आधी गुणगुणायचं असतं. मग वाद्य शोधायचं." मग म्हणाले, अजून संध्याकाळ व्हायचीय, आपण आत्ता एक करू, गच्चीवर पळणारी पोरगी आहे ना, आणि पेटीवर सहज काहीतरी वाजवलं. एवढंसं. वर चढणारं, मधेच अडखळून परत धावणारं. ते चांगलं होतं. तीन गळ्यांत बसलं असतं. ते अर्ध्या मिनिटात झालं होतं आणि माझे चार महिने गेले होते. मी म्हटलं नको. त्यांनी कारण विचारलं नाही, पण मी सांगितलं, की मग ते तुमचं होईल. ते म्हणाले, हो, ते खरंय. आणि पेटीचा भाता लावून टाकला.

मी संध्याकाळपर्यंत तशीच बसले. तुम्हाला वाटेल मी राखाडी ॲप घेऊन एकेक सूर मांडत बसले असेन. घेतलं होतं. त्या रिकाम्या ओळी वरून खाली सरकत राहिल्या आणि माझ्या डोक्यात काहीच वाजेना. आधी वाटायचं आत खूप काही आहे, फक्त योग्य ॲप मिळायचंय. आता ॲप योग्य होतं. मैत्रिणीला लिहिलं, होत नाहीये, तू बघ. तिचं लगेच आलं. "हौ. ठीक है." पुढे काहीतरी येईल, शिवी तरी येईल, म्हणून मी बराच वेळ बघत होते.

बेंगळुरूला ती एकटी गेली. मी येऊ का असं मी विचारलं नाही आणि तिनेही ये म्हटलं नाही. तिथून तिने एक व्हिडिओ पाठवला. जुना डब्बा टीव्ही, समोर पोरांची गर्दी, कुणीतरी खेळतंय. पहिल्या स्क्रीनवर एक नाव. मग पहिली लेव्हल, गच्च्या, टाक्या, साड्या, आणि म्युझिक नाही. नुसत्या उड्या. टुप, टुप, आणि पडली की घसरत खाली जाणारा तो आवाज, मधे पूर्ण शांतता. पोरं हसत होती. सगळी तिथंच मरत होती, ती म्हणाली होती तसंच.

कॅमेऱ्याच्या मागून एक माणूस इंग्लिशमध्ये विचारतो, की ही शांतता भारी आहे, गच्चीवर एकटं असल्यासारखं वाटतं, मुद्दाम ठेवलंय का. मैत्रीण एक क्षण थांबते. मग म्हणते, हो, मुद्दामच. सुरुवातीपासून असंच ठरवलं होतं.

मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला सांगत नाही. ती जिथे थांबते तिथे मी अंगठ्याने मागे घेते. एवढ्याशा वेळात तिला माझं नाव सांगता आलं असतं, की एक मुलगी करणार होती, तिच्याकडून झालं नाही. तिने सांगितलं नाही, आणि त्या गेमच्या गोष्टीत आता मी कुठेच नाहीये, न केलेल्या कामातसुद्धा. मी किराक असं लिहून पाठवलं. तिने हसरा चेहरा पाठवला.

ती परत आल्यावर आम्ही पूर्वीसारख्याच बोलतो, कँटीनला बसतो, ती दुसऱ्या गेमवर काम करतेय. त्याचं म्युझिक कोण करणार हे मी विचारलेलं नाही. काल तिनेच वर्गातल्या एका मुलाला माझ्याकडे पाठवलं, त्याला ॲप हवं होतं, ती म्हणाली म्हणे, इसको पूछ, इसको सब मालूम. मी त्याला सगळं सांगितलं. आठही.