आधी पाणी, मग तेल

मी निघाले त्या रविवारी अण्णांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं होतं. देवळाली कॅम्पच्या बाजारात आमचं दाढी-कटिंगचं दुकान. जवानांना रविवारी सुटी, त्यामुळे रविवारची सकाळ म्हणजे खरी गर्दीची वेळ. अशा वेळी शटर खाली आलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. बाहेर मुंबई विमानतळाची गाडी उभी होती. आई पोळ्यांचा डबा तिसऱ्यांदा उघडून बघत होती. अण्णांकडे वीस वर्षं काम करणारे कारागीर शकीलभाई माझी बॅग डिकीत बसवायची खटपट करत होते. अण्णा मात्र आतच. शेवटी बाहेर आले ते खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली हातात घेऊन. बुचावर मेण ओतून ती पक्की केलेली होती.

"तिकडं थंडीनं हातपाय फुटतील. लावत जा," एवढंच म्हणाले, शटर वर ढकललं आणि आत गेले. गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून मला त्यांची पाठ दिसली. ते कुणाच्या तरी गळ्याभोवती कापड बांधत होते. मला त्यांचा भयंकर राग आला. पोरगी सातासमुद्रापार चाललीय आणि यांना गिऱ्हाईक सुचतंय, असं मी गाडी घोटीला पोचेपर्यंत मनातल्या मनात घोकत होते.

बाटलीतलं तेल मी वासावरूनच ओळखलं असतं. घाण्याचं तिळाचं तेल आणि त्यात थोडंसं एरंडेल. आरशाखालच्या फळीवर ते नाजूक कातडीच्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं असायचं. फौजेत दाढी रोजची. काही जवानांच्या हनुवटीखाली त्या रोजच्या पात्यानं पुरळ उठायचं, केस आतल्या आत वळायचे, लाल गाठी यायच्या. दाढी ठेवायची सोय नाही आणि केली तर आग. असे लोक एकमेकांकडून ऐकून अण्णांकडे यायचे. केरळचा कुणी स्वतःचं खोबरेल घेऊन यायचा, बिहारचा कुणी मोहरीचं. अण्णा प्रत्येकाचं तेल आधी त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून ठेवायचे आणि पुरळ उठतंय का ते बघायला दुसऱ्या दिवशी बोलवायचे. मोहरीच्या तेलाला मात्र साफ मनाई. "मालिश के लिए ठीक है, गाल के लिए नहीं," असं आपल्या मराठी हिंदीत सांगायचे. पलटणी बदलायच्या, माणसं बदलायची, पण अण्णांचं एक वाक्य बदललं नाही. "तुरटी लावावी लागली, म्हणजे माझा हात चुकला."

दुकान आणि घर यांच्या मध्ये एक फुलाफुलांचा पडदा होता. मी पडद्याच्या आतल्या बाजूला वाढले. "पाणी ठेव गं!" अशी हाक आली की स्टोव्हवर पातेलं चढवायचं आणि पाणी तापलं की पडद्याखालून बाहेर सरकवायचं, एवढंच माझं काम. मी एकुलती एक, तरी वस्तऱ्याला हात लावायची सोय नव्हती. एकदा सातवीत असताना मी धार बघायला म्हणून तो उघडला, तर अण्णांनी असा काही आवाज चढवला की खुर्चीतला सुभेदारसुद्धा दचकला. "हे बाईमाणसाचं काम नाही. माझ्यानंतर दुकान शकील बघेल. तू शीक." म्हणून मी शिकले. नाशिकला नर्सिंग केलं, कॉलेज रोडवर जर्मनचा क्लास लावला आणि दोन वेळा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाले.

हे मी कुणासाठी लिहितेय? कॅम्पात वाढलेल्या तुम्हां सगळ्यांसाठीच. तुमच्यापैकी निम्मे अजून कॅम्पात आहात, सकाळी तोफांच्या सरावाचा आवाज आला की घड्याळ न बघता वेळ सांगता. उरलेले माझ्यासारखे. कुणी दुबईत, कुणी पुण्यात, कुणी इथे जर्मनीतच, माझ्यापासून चार तासांवर. आपल्याला सगळ्यांना तिथून निघताना काही ना काही बांधून दिलेलं होतं, आणि त्यातलं बरंचसं आपण फडताळात तळाशी ढकललं. मीही ती बाटली पहिला अख्खा हिवाळा उघडली नाही. इथे क्रीमच्या ट्यूबा चांगल्या मिळतात. तेलकट हातांनी शिफ्टला कोण जाणार?

मी वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. सकाळची शिफ्ट म्हणजे अंघोळी, गोळ्या, नाश्ता आणि म्हाताऱ्यांच्या दाढ्या. होय, दाढ्या! पहिल्याच आठवड्यात सिनियरनं माझ्या हातात शेव्हिंगचं मशीन दिलं, तेव्हा मला हसू आवरेना. बापानं ज्या कामापासून मला बावीस वर्षं पडद्याआड ठेवलं, तेच करायला मी विमानानं इथवर आले होते.

आमच्याकडे हेर लांगे, म्हणजे आपल्या भाषेत लांगेसाहेब, हे एक निवृत्त पोस्टमन होते. वय नव्वदीला टेकलेलं, कातडी दुधावरच्या सायीसारखी. मशीन फिरवलं की लाल ओरखडे उठायचे, आणि तीन दिवस तसंच ठेवलं की ते जेवायला हॉलमध्ये यायचे नाहीत. खोलीतच बसायचे, भिंतीकडे तोंड करून. मला बाटली आठवली. सिनियरला विचारलं, तिनं डॉक्टरांना विचारलं. घरचं तेल चालणार नाही म्हणाले, पण बदामाचं चालेल, आधी हातावर लावून बघा. ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत कामाला लागले. आपण डोक्याला थापतो तसं भरपूर तेल कोरड्या गालांवर थापलं, वर साबण फासला आणि साधं रेझर घेतलं. पातं दोन इंचांत भरलं. केस काही मऊ झाले नव्हते, नुसते चपचपीत झाले होते. पातं सटकत होतं आणि खुंट तसेच. हेर लांगेंनी आरशात बघितलं आणि म्हणाले, "सिस्टर, मला तळणार आहात का?" माझा चेहरा उतरला. हजामाची पोर आणि ही तऱ्हा!

जेवणाच्या सुटीत मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हनुवटी खाजवली आणि विचारलं, "पाणी कुठंय?"

"कसलं पाणी?"

"अगं, तू इतकी वर्षं तापवून देत होतीस ते! गरम फडकं ठेवायचं आधी. चांगलं पाच मिनिटं. केस पाणी पितो, मग फुगतो, मऊ पडतो. तेल आधी लावलंस तर पाणी आत जाईल का? आधी पाणी, मग तेल. चार थेंब, जास्ती नाय. हातावर चोळून गरम करायचं, केस जिकडं वळलाय तिकडं दाबत न्यायचं. मग थांबायचं. घाई करायची नाय. मग साबण, आणि पातं वरून खाली, एकदाच."

पाणी मी तापवायची, पण ते बाहेर सरकवलं की मी पुन्हा स्टोव्हपाशी. पडद्याच्या फटीतून बघायला यायची तोवर अण्णांच्या तळहातावर तेल असायचं. फडकं मी पाहिलं ते नेहमी ओलं होऊन बादलीत पडलेलं. मला वाटायचं, ते तोंड पुसायला असतं. माझ्या हातचं पाणीच त्या सगळ्याची सुरुवात होती, आणि नेमकं तेवढंच मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मला बापाचा पहिल्यांदा अभिमान वाटला, आणि लगेच रागही आला. पडदा जरा बाजूला केला असता तर काय बिघडलं असतं?

हेर लांगे त्यानंतर रोज हॉलमध्ये जेवले, शेवटच्या आजारपणापर्यंत.

गेल्या वर्षी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता, बोलणं-चालणं परत आलं, पण उजवा हात थरथरू लागला आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या कायमच्या मागे लागल्या. दुकान शकीलभाई चालवू लागले. तोवर सगळं ठीक होतं. मग एका सकाळी शकीलभाईंनी अण्णांची दाढी केली आणि जबड्याखाली जरासं लागलं. एरवी ते मिनिटात थांबलं असतं. गोळ्यांमुळे दुपारपर्यंत वाहत राहिलं. अण्णांनी त्यावर तुरटी घासली, तशी कातडी सोलवटली. शकीलभाई त्या दिवशी दुकान बंद करून रडत घरी गेले, असं आईनं सांगितलं. त्यानंतर त्यांनी अण्णांच्या चेहऱ्याला हात लावला नाही. अण्णांनीही लावू दिला नाही. दाढी वाढली, आणि तिच्याबरोबर अण्णांनी दुकानाबाहेरच्या बाकावर बसणं सोडलं. फोनवर आले तरी कॅमेरा छताकडे. "दुसऱ्याची तोंडं साफ करणारा माणूस असा बाहेर बसला, तर लोक काय म्हणतील?" मला पंखा बघत त्यांच्याशी बोलावं लागायचं.

मी तीन आठवड्यांची रजा काढून आले. अण्णा मागच्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. हेर लांगेंसारखेच. मी दाराशीच उभी राहिले. परक्या माणसात मला बाप दिसला नव्हता, पण बापात तो परका माणूस दिसला.

मी डॉक्टरांना विचारून आले, नवं सुरक्षित रेझर आणलं, आणि म्हटलं, "अण्णा, उद्या मी करते तुमची दाढी."

"बापाची दाढी पोरगी करते का कुठं?"

"तिकडे रोज सहा जणांची करते. ते चालतं?"

"ते तुझं पोटापाण्याचं हाय."

"आणि हे?" माझा आवाज चढला. "मला कधी शिकवलं नाहीत ते नाहीतच. आता शिकलेय तर बघायलाही तयार नाही तुम्ही. मी काय फक्त पाणी तापवायला जन्मले होते?"

आई म्हणाली, पुरे. अण्णांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. मी जेवले नाही, आणि साडेसहा हजार किलोमीटरवरून येऊन आजारी माणसाशी भांडले म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते. पडद्यापलीकडून आवाज आला.

"पाणी ठेव गं!"

मी बाहेर आले. शटर अजून बंद होतं. अण्णा दुकानातल्या खुर्चीत बसले होते, ज्या खुर्चीमागे ते पन्नास वर्षं उभे राहिले त्या खुर्चीत. गळ्याभोवती कापड त्यांनी डाव्या हातानं कसंबसं गुंडाळलं होतं. माझ्या हातातलं रेझर बघून म्हणाले, "हे काय खेळणं आणलंस?" पण मान मागे टेकवली.

लांब केस मी आधी कात्रीनं उतरवले. गरम फडकं ठेवलं. त्याखालून सूचना चालूच होत्या. मी फळीवरची बाटली उचलली, चार थेंब घेतले, हातावर चोळले. अण्णांच्या गालाला मी लहानपणानंतर पहिल्यांदा हात लावत होते. कातडी अगदी मऊ पडली होती. माझे हात गालावरच रेंगाळले, मग मी गडबडीनं साबणाकडे वळले, तसं त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "थांब. तेलाला वेळ दे." तो वेळ तेलासाठी नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मग साबण, आणि पातं वरून खाली, एकदाच. जबड्याखाली, जिथे शकीलभाईंचा हात चुकला होता, तिथे मी श्वास रोखून धरला होता.

झाल्यावर अण्णांनी डाव्या हाताची मागची बाजू गालावर खालून वर फिरवली. गिऱ्हाइकाची दाढी ते असेच तपासायचे. मग फळीवरचा तुरटीचा खडा उचलला, बघितला आणि परत ठेवून दिला.

"शटर उघड," म्हणाले.

शकीलभाई आले तेव्हा अण्णा बाहेर बाकावर बसले होते, धुतलेला शर्ट घालून. शकीलभाई रस्त्यातच थांबले. जवळ आले, वाकून त्यांच्या जबड्याखाली बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अण्णा, किसने बनाई?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "आपल्या नव्या कारागिरानं."

उरलेले दिवस मी रोज दाढी केली आणि शकीलभाई शेजारी उभे राहून बघत राहिले. शेवटचे दोन दिवस रेझर मी त्यांच्या हातात दिलं. आता रविवारी अण्णा कॅमेऱ्यात पंखा दाखवत नाहीत, गाल दाखवतात, आधी उजवा, मग डावा. मी इकडून तपासते आणि उगाच एखादी खोट काढते.

परत निघाले त्या सकाळी शटर पूर्ण उघडं होतं. अण्णांनी बाटली दिली, मेण लावलेली. इतकी वर्षं घर म्हटलं की मला पडद्याच्या आतली ती स्टोव्हची जागा आठवायची. आता घर म्हटलं की पडद्याबाहेरची खुर्ची आठवते, आणि तिच्या मागे उभं राहायची जागा. ती जागा माझी आहे. गाडी वळली तेव्हा मी मागच्या काचेतून बघितलं. या वेळी अण्णांचं तोंड रस्त्याकडे होतं.